लॉकडाऊनमध्ये गोव्याच्या चित्रकारांनी मोलेच्या जंगलासाठी काय केलं होतं?

पावसाळा आला की एक रील हमखास फिरतं. पांढराशुभ्र दूधसागर धबधबा आणि त्याच्यासमोरच्या पुलावरून जाणारी रेल्वे. आपण लाइक करतो आणि पुढं सरकतो.

ती रेल्वे ज्या जंगलातून जाते ते मोलेचं जंगल. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण २४० चौरस किलोमीटर. गोवा-कर्नाटकच्या सीमेवर, ऐन पश्चिम घाटात.

या एकाच जंगलातून तीन प्रकल्प जाणार होते. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण, अनमोड घाटाच्या महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची नवी वीजवाहिनी. सरकारचं म्हणणं होतं की वाहतूक वाढतेय, विजेची गरज वाढतेय. विरोधकांचं म्हणणं होतं की रेल्वेचा दुसरा रूळ गोव्याच्या माणसांसाठी नाहीच, तो मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांपर्यंत न्यायला आहे. तिन्ही मिळून सुमारे ५९ हजार झाडं जातील, असा आकडा तेव्हा पेपरात वारंवार येत होता.

आता यातली वेळ बघा. एप्रिल २०२०. अख्खा देश घरात बसलेला. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली आणि त्यात मोलेतल्या कामाला मंजुरी मिळाल्याची बातमी आली.

एरवी अशा वेळी लोक मोर्चा काढतात, धरणं धरतात. इथं घराबाहेर पडायचीच बंदी. मग करायचं काय?

तर इथं चित्रकार आले.

‘आमचें मोलें’ नावाची मोहीम उभी राहिली. त्यात शास्त्रज्ञ होते, वकील होते, विद्यार्थी होते आणि चित्रकार, डिझायनर, गाणारी मंडळीही होती. पर्यावरण अहवाल म्हणजे शेकडो पानांचं इंग्रजी आणि हेक्टरमधले आकडे. हेक्टर म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. शेकरू म्हटलं की येतं. गवा म्हटलं की येतो, आणि तो तर गोव्याचा राज्यप्राणी.

या लोकांनी अहवालातली माहिती चित्रांत उतरवली. जंगलातले प्राणी, झाडं, बेडूक, पक्षी, त्यावर मोजक्या ओळी. पोस्टर झाली, पोस्टकार्डं झाली, गाणी झाली. फोनवरून ती घराघरांत गेली. मोले कधी पाहिलंच नव्हतं अशा माणसांनाही तिथं काय आहे ते कळलं. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर गावात लोक रात्रभर रेल्वेरुळांपाशी जमले, तेव्हा तिथं मेणबत्त्या होत्या, गाणी होती.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चित्रांनी खटला जिंकला नाही. तो कागदांवर लढला गेला. गोवा फाउंडेशन ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली होती. कोर्टाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. रेल्वेची क्षमता थोडीशी वाढावी म्हणून पश्चिम घाटाचं एवढं नुकसान करणं समर्थनीय नाही, असं त्याचं सार. मे २०२२ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं आणि रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. वीजवाहिनीसाठी नवीन जंगल न तोडता आधीच्या वाहिनीचाच पट्टा वापरावा, अशी दिशा ठरली. रेल्वेला मात्र नीट अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव आणायची मुभा ठेवली. म्हणजे दार बंद झालं, पण कुलूप लागलं नाही.

मग चित्रकारांचा उपयोग काय झाला? माझ्या मते हा की, कोर्टात दोन वर्षं कागद फिरत असताना बाहेर लोक हा विषय विसरले नाहीत. नाहीतर अशी प्रकरणं तारखांमध्येच मरतात.

असंच एक प्रकरण स्पेनमध्येही झालं, आणि ते जास्त अडचणीचं होतं. कारण तिथं समोर रेल्वे किंवा कोळसा नव्हता, खुद्द कलेचं म्युझियमच होतं.

बिल्बाओ शहरातलं गुगेनहाइम म्युझियम १९९७ मध्ये सुरू झालं आणि शहराचं नशीब पालटलं. मग त्याची दुसरी शाखा जवळच्या उर्दायबाय इथं काढायचं ठरलं. उर्दायबाय ही खाडी आणि दलदलीची जागा, १९८४ पासून युनेस्कोचं संरक्षित जीवावरण क्षेत्र. शाखेचा एक भाग गेर्निकात, म्हणजे पिकासोच्या त्या प्रसिद्ध चित्रातलं गाव, आणि दुसरा खाडीकाठच्या जहाजबांधणीच्या जागेवर. मधून पायवाट. वर्षाला १ लाख ४० हजार पर्यटक येतील असा अंदाज होता.

स्थानिकांसोबत कलाकारांनीही विरोध केला. आपलं काम जिथं टांगलं जाऊ शकतं, त्याच संस्थेला नाही म्हणायचं, हे सोपं नसतं. डिसेंबर २०२५ मध्ये म्युझियमच्या विश्वस्तांनी प्रकल्प सोडून दिला.

मोलेकडं दूधसागर आहे, उर्दायबायकडं खाडी. दोन्ही जागा चित्रात देखण्या दिसतात. आता आपल्या पट्ट्यात या. खुटबाव, केडगाव करत चौफुल्यावरून सुप्याकडं गेलं की मयूरेश्वर अभयारण्य लागतं. जेमतेम ५ चौरस किलोमीटर. धबधबा नाही, घनदाट झाडी नाही. गवत, खुरटी झुडपं आणि चिंकारा. उन्हाळ्यात बाहेरून बघणारा याला सरळ ‘पडीक माळ’ म्हणून मोकळा होतो. चिंकाऱ्याचा रंगही असा मातकट की तो समोर उभा असला तरी हलेपर्यंत दिसत नाही.