मुलांचा लैंगिक कल : आईवडिलांचा वाटा किती?

आपला मुलगा अथवा मुलगी समलैंगिक आहे हे कळल्यावर अनेक आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे "आमचे काय चुकले?" आपण फार लाड केले, असे आईला वाटते; कामधंद्याच्या व्यापात आपण मुलाकडे पाहिलेच नाही, असे वडिलांना वाटते. नातेवाईकही आडून हाच दोष त्यांच्या पदरात टाकतात. या प्रश्नाला शास्त्राने काय उत्तर दिले आहे आणि ख्रिस्तसभा पालकांना काय सांगते, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू या. एखाद्या व्यक्तीला स्वभावतः पुरुषाविषयी आकर्षण वाटते की स्त्रीविषयी, की दोघांविषयी, यास लैंगिक कल म्हणतात. कल आणि आचरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरचे संस्कार मुलांच्या आचरणाला व मूल्यांना वळण लावतात, याविषयी दुमत नाही. परंतु मनातील ही मूळ ओढ आईवडिलांमुळे घडते काय, हा खरा प्रश्न आहे.

दोषारोपाचा उगम

मुलाला अति कवटाळणारी आई आणि अलिप्त किंवा कठोर वडील यांच्यामुळे मुलगा समलैंगिक होतो, ही समजूत विसाव्या शतकातील मनोविश्लेषणातून पसरली. १९६२ साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अर्व्हिंग बीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६ समलैंगिक व १०० भिन्नलिंगी पुरुषांची तुलना करून हाच निष्कर्ष मांडला. परंतु हे सर्व पुरुष उपचार घेणारे रुग्ण होते आणि त्यांची माहिती त्यांच्यावर उपचार करणाऱ्या विश्लेषकांनीच भरून दिली होती. शिवाय कारण कोणते व परिणाम कोणता, हेही त्यातून ठरत नव्हते. मुलगा इतर मुलांपेक्षा वेगळा वाटतो म्हणून वडील दुरावले आणि आईने त्याला जवळ घेतले, असेही घडू शकते.

पुढे बेल, वाइनबर्ग व हॅमरस्मिथ या अमेरिकन संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सुमारे दीड हजार स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. हे लोक रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. आईवडिलांशी असलेल्या नात्याचा लैंगिक कल ठरण्यात फारसा वाटा नाही, असे त्यात आढळले. त्यापूर्वीच, १९७३ साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली होती. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तसेच केले.

भावंडांची साक्ष

घर आणि निसर्ग यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी जुळ्यांचा अभ्यास फार उपयोगी पडतो. स्वीडनमध्ये ३,८०० हून अधिक जुळ्या जोड्यांचा असा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पुरुषांमध्ये अनुवंशाचा वाटा सुमारे एकतृतीयांश, तर एकाच घरात वाढण्याचा वाटा जवळजवळ शून्य आढळला. स्त्रियांमध्ये घरच्या सामाईक वातावरणाचा वाटा थोडा, सुमारे सहाव्या हिश्शाइतका दिसला. मात्र यात केवळ आईवडिलांची वागणूक नव्हे, तर भावंडांना समान मिळालेले सर्वच वातावरण मोडते. उरलेला सर्वांत मोठा वाटा ज्याच्या त्याच्या वेगळ्या परिस्थितीचा होता आणि त्यात गर्भावस्थेपासूनच्या घडामोडीही येतात.

२०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. समलैंगिकतेचे असे एकच जनुक नाही, अनेक जनुकांचा प्रत्येकी अल्प प्रभाव असतो आणि जनुके पाहून कोणाचाही कल सांगता येत नाही, असे तिच्यातून दिसले.

कॅनडाचे संशोधक अँथनी बोगार्ट यांचा २००६ सालचा अभ्यासही बोलका आहे. एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे जन्मलेले, तितकी पुढच्या मुलाचा कल समलैंगिक असण्याची शक्यता किंचित वाढते, हे आधीच दिसून आले होते. ते थोरले भाऊ दुसऱ्या घरी वाढले तरी हा परिणाम टिकतो आणि सोबत वाढलेल्या सावत्र वा दत्तक भावांमुळे तो होत नाही, हे बोगार्ट यांनी दाखविले. म्हणजे याचे कारण संगोपनात नसून जन्मापूर्वीच्या काळात असावे. अर्थात यातही आईचा दोष नाही. गर्भात काय घडावे हे कोणत्याही आईच्या इच्छेवर अवलंबून नसते.

साधा व्यवहारही हेच सांगतो. बहुतेक समलैंगिक व्यक्ती भिन्नलिंगी आईवडिलांच्याच घरी वाढलेल्या असतात आणि समलैंगिक पालकांनी वाढविलेली बहुतेक मुले भिन्नलिंगी असतात.

ख्रिस्तसभा काय सांगते?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात समलैंगिक कृतींना मान्यता नाही. मात्र या ओढीचा मानसिक उगम बहुतांशी उलगडलेला नाही, असे तोच ग्रंथ मान्य करतो. अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव करू नये, असेही तो बजावतो. पालकांना दोषी ठरविणारा शब्द तेथे नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या मुलांमध्ये वेगळा लैंगिक कल पाहणाऱ्या आईवडिलांना उद्देशून, मुलांना साथ द्या, निषेधाच्या आड लपू नका, असे आवाहन केले होते.

आईवडिलांच्या हाती काय आहे?

कल ठरविणे आईवडिलांच्या हाती नाही. परंतु ते मूल कसे जगेल, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेत २२४ तरुणांच्या पाहणीत (२००९) असे आढळले की, ज्यांना घरच्यांनी तीव्रपणे झिडकारले होते त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, फारसे न झिडकारलेल्यांच्या तुलनेत, आठपटींहून अधिक होते. "आमचे काय चुकले?" या प्रश्नात गुंतलेल्या पालकांनी हा आकडा अवश्य ध्यानात ठेवावा.

म्हणून मुलाने मन मोकळे केले तर प्रथम ऐकून घ्यावे. त्याच्या संमतीवाचून ही गोष्ट नातेवाइकांत वा धर्मग्रामात पसरवू नये. कल बदलून देतो असे सांगणाऱ्यांच्या मागे लागू नये. अशा उपचारांना भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे. "लग्न करून दिले की सुधारेल" हा सल्ला तर मुळीच मानू नये. त्यात आपल्या मुलाचे दुःख तर आहेच, पण दुसऱ्या घरच्या निरपराध लेकीचीही फसवणूक आहे. विवाहसंस्काराचे पावित्र्य मानणाऱ्या आपल्या समाजाला ती शोभत नाही.

आईवडिलांनी स्वतःवरील दोषाचे ओझे उतरवून ठेवावे. ते उतरल्यावर मोकळे झालेले हात मुलाला जवळ घेण्यासाठी लागणार आहेत.