रिव्हरवरची मोठी बेट: कॉल करायचा की पत्ते टाकायचे?

दिवाळीत तीन पत्ती खेळणारे आपण इथे अमेरिकेत आलो की टेक्सस होल्डेमही खेळायला लागतो. त्यातला सगळ्यात अवघड क्षण म्हणजे रिव्हर. शेवटचं सामाईक पान उघडतं आणि समोरचा मोठी बेट लावतो. तुमचा हात मधलाच असतो, म्हणजे तो ब्लफला हरवेल, चांगल्या हाताला नाही. अशा वेळी काय करायचं?

‘हा खोटं बोलतोय का?’ असं विचारू नका. ‘हा कितीदा खोटं बोलत असेल?’ असं विचारा.

आधी भाव पाहा. पॉटमध्ये १०० डॉलर आहेत आणि समोरच्यानं १०० लावले. तुम्ही १०० भरले की पॉट ३०० होतो. म्हणजे तीनपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरी. बेट ५० ची असेल, तर चारात एकदा पुरे. २०० ची असेल, तर पाचात दोनदा जिंकायला हवं. याआधी तुम्ही पॉटमध्ये किती घातलेत, ते या हिशेबात येत नाही. ते पैसे आता तुमचे नाहीत.

मग गोष्ट तपासा. २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास व्हेगास. शेवटी दोघेच उरले होते: सॅम फराह आणि अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी, बदामची तिर्री. फराहकडे नव्वीची जोडी. तिसरं इस्पिक पडलं त्या फेरीत मनीमेकरनं रेझ केलं होतं आणि रिव्हरवर तो ऑल-इन गेला. गोष्ट फ्लशची वाटत होती, म्हणजे आपल्या तीन पत्तीतला कलर. फराहनं पत्ते टाकले. मनीमेकरकडे नुसता राजा होता!

शेवटी स्वतःचे पत्ते पाहा. फराहकडे इस्पिकची राणी होती. टेबलावरची तीन इस्पिकं सोडली तर दहा उरतात आणि त्यांच्या ४५ जोड्या होतात. राणी तुमच्याच हातात असली, की समोरच्याकडे फ्लशच्या ३६ जोड्याच शक्य. अर्थात राणी धरून मारलेले ब्लफही त्याच वेळी कमी होतात, म्हणून या मुद्द्याला फार वजन देऊ नका.

तर मग फराह चुकला का? उलटलेले पत्ते पाहून तसं म्हणणं सोपं आहे. योग्य कॉलही तीनपैकी दोनदा हरू शकतो आणि तरीही तो योग्यच असतो. मात्र हे दोनदा हरणं सोसेल एवढेच पैसे टेबलावर आणा. घरभाड्याचे पैसे पुढ्यात असतील, तर हिशेब डोक्यात राहत नाही. उरते ती फक्त भीती, नाहीतर ‘त्याच्याकडे होतं तरी काय’ ही उत्सुकता. आणि ती उत्सुकता फार महाग पडते.