उन्हाची सवयही मोडते

जुलै 2023. ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या एका शेतात सात विद्यार्थी रांगेने चालत होते. दोघांमधलं अंतर पंधरा मीटर, नजर जमिनीवर, प्रत्येकाच्या हातात एक छोटा काउंटर. जुन्या खापराचा तुकडा दिसला की तो एकदा दाबायचा. शेत संपल्यावर गटप्रमुखाने आकडे लिहून घेतले. चौथ्या ओळीच्या दोन्ही बाजूंना तीसच्या आसपास खापरं होती आणि चौथ्या ओळीत फक्त चार. त्या ओळीत चालणारी मुलगी नागपूरची होती. बरं वाटतंय ना, असं विचारल्यावर ती हो म्हणाली आणि तिथेच खाली बसली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

पुरातत्त्वशास्त्र म्हटलं की आपल्याला खोदकाम आठवतं. पण संपूर्ण प्रदेशात कुठे, कधी वस्ती होती हे कळायला कुदळ लागत नाही, पाय लागतात. नांगरटीने वर आलेली खापरं मोजत शेतामागून शेत पालथं घालायचं. बिओशियात अँथनी स्नॉडग्रास आणि जॉन बिंटलिफ यांनी 1978 पासून असं पायी सर्वेक्षण केलं आणि ते या विषयात नमुना मानलं जातं. विद्यापीठांना सुट्टी उन्हाळ्यात असते, त्यामुळे हे काम बहुधा भर उन्हातच होतं. त्या आठवड्यात तर उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सचा ॲक्रोपोलिस पर्यटकांना दुपारी बंद ठेवावा लागला होता.

ही मुलगी इंग्लंडमध्ये एमए करत होती. ग्रीसमध्ये उतरल्यावर तिला बरंच ओळखीचं वाटलं. कोपाइसच्या सपाट मैदानात कापसाची शेतं, रस्त्याकडेला धूळ, अंगाला भिडणारं ऊन. बरोबरची इंग्रज मुलं टोप्या सावरत होती, तेव्हा ती हसत होती. फोनवर आईही म्हणाली होती, ‘‘आपल्या इकडचा मे काढलेली पोर तू, तुला काय ऊन लागणार!’’

इथेच गफलत झाली. ऊन सोसण्याची ताकद ही जन्मगावाची देणगी नाही. रोज उन्हात वावरल्याने शरीर ती साधारण एक-दोन आठवड्यांत कमावतं. पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे त्याच कामासाठी हृदयाला कमी धडधडावं लागतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण ऊन सुटलं की ही कमाईही उतरायला लागते. आठवड्याभरात उतार सुरू होतो आणि महिनाभरात बहुतेक सगळं संपतं. या मुलीचे दहा महिने वाचनालयात आणि पावसात गेले होते. तिचं मन नागपूरचं राहिलं, शरीर मात्र इंग्रज मुलांइतकंच नवखं झालं होतं. त्या मुलांना निदान आपण नवखे आहोत हे ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने नंतर सांगितली. तीन लिटरची बाटली तिने जेमतेम अर्धा लिटर संपवली होती. कारण उघड्या शेतात आडोसा नव्हता आणि गटात निम्मी मुलं. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं हे आपल्या शेतमजूर बायका, महिला पोलीस, बसवाहक सगळ्याच करतात. सरकारी दवाखान्यांत उन्हाळ्यात हे रोज दिसतं. तिथे नुसतं ‘भरपूर पाणी प्या’ सांगून काही होत नाही, आधी आडोशाची सोय करावी लागते. तिच्या लघवीचा रंग दोन दिवस गडद पिवळा होता. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. तरीही ती बोलली नाही, कारण तक्रार करणाऱ्याला पुढच्या हंगामात बोलावत नाहीत असा तिचा समज होता.

गटप्रमुखाने जे केलं ते अचूक होतं. तिला ऑलिव्हच्या झाडाखाली झोपवलं, बूट-मोजे काढले, पाय दप्तरांवर उंच ठेवले, अंगावर पाणी ओतून नोंदीच्या पुठ्ठ्यांनी वारा घातला. तिला नाव, वार, गाव बरोबर सांगता येत होतं. म्हणून थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आरोग्य केंद्रात ताप 38.6 अंश सेल्सिअस भरला. ही उन्हाने आलेली ग्लानी होती.

असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, बेशुद्धी आणि शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर असेल, तर तो उष्माघात. तिथे पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. 108ला (युरोपात 112ला) फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. थंड पाण्यात बुडवून किंवा सतत पाणी ओतून अंग गार करावं. मेंदू वाचतो तो त्या मिनिटांत. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नसतो. खिशातल्या कांद्याचाही नाही.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार आरोग्य संस्थेचा नियम साधा आहे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या फक्त 20 टक्के काम करावं आणि रोज 20 टक्क्यांनी वाढवावं. सवय असलेला माणूस खंडानंतर परतला, तर त्यानेही 50 टक्क्यांपासून सुरुवात करावी. सुट्टीवरून आलेला गवंडी, आजारातून उठलेला शेतकरी, पोलीस भरतीसाठी एकदम धावायला लागलेला मुलगा, सगळे यातच येतात.

मुलीला दोन दिवस सावलीत खापरं धुवायला बसवलं. तिसऱ्या दिवशी ती तासभर चालली, चौथ्या दिवशी दोन तास. गटप्रमुखाने विश्रांतीसाठी गाडीमागे ताडपत्रीचा आडोसा बांधला. तो इतर मुलींनीही लगेच वापरायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तेच शेत पुन्हा चाललं गेलं, कारण चौथ्या ओळीची नोंद रद्द करावी लागली होती. या वेळी तिच्या काउंटरवर आकडा आला एकतीस.