विटनेस (१९८५ चित्रपट)

विटनेस हा १९८५ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन गुन्हेगारी थरारपट आहे. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक पीटर वियर यांनी अमेरिकेत केलेला हा पहिला चित्रपट होय. हॅरिसन फोर्ड, केली मॅकगिलिस आणि बालकलाकार लुकास हास यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कथा फिलाडेल्फिया शहरात सुरू होते आणि तिचा मोठा भाग पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यातील आमिश वस्तीत घडतो. वरवर पाहता ही खुनाच्या तपासाची कथा आहे. मात्र शस्त्र हाती न धरण्याचे व्रत पाळणाऱ्या समाजात शस्त्रावरच भिस्त ठेवणारा मनुष्य आश्रयाला आला तर काय घडते, हा चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

आमिश हा ख्रिस्ती धर्मातील एक लहान पंथ आहे. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये प्रौढ वयातील बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या सुधारकांची चळवळ उभी राहिली. तिच्यात १६९३ साली जेकब अम्मान यांच्या पुढाकाराने फूट पडली आणि त्यांचे अनुयायी आमिश म्हणून ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकात त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाली. ती आपसांत जर्मनची एक बोली बोलतात आणि पंथाबाहेरील सर्वांना सरसकट ‘इंग्लिश’ म्हणतात. घोडागाडी, साधा गडद पोशाख आणि सार्वजनिक वीजपुरवठ्याचा त्याग ही त्यांची बाह्य लक्षणे सर्वपरिचित आहेत. चित्रपट समजून घेण्यासाठी त्यांच्या दोन नियमांचे महत्त्व अधिक आहे. पहिला नियम अप्रतिकाराचा : कोणी मारले तरी उलट हात उचलायचा नाही. दुसरा प्रतिमेविषयीचा : बायबलमधील मूर्तिनिषेधाच्या आज्ञेस अनुसरून छायाचित्रासाठी उभे राहणे ते निषिद्ध मानतात.

कथानक

नुकतीच विधवा झालेली रेचेल लॅप आपला आठ वर्षांचा मुलगा सॅम्युएल याला घेऊन बहिणीकडे बॉल्टिमोरला निघते. फिलाडेल्फियाच्या स्थानकात गाडीला विलंब होतो. तेथे एका वृद्ध सनातनी ज्यू गृहस्थाची काळी टोपी व दाढी पाहून तो आपल्यातलाच असावा असे समजून सॅम्युएल त्याच्याजवळ जातो. परक्या जगातील त्याचे एकाकीपण या लहानशा प्रसंगात नेमके उतरले आहे. थोड्याच वेळात स्थानकाच्या स्वच्छतागृहात एका पोलिसाचा खून होताना तो पाहतो.

तपास जॉन बुक या अधिकाऱ्याकडे येतो. पोलीस ठाण्यातील बक्षिसांच्या कपाटात लावलेल्या वृत्तपत्रातील छायाचित्राकडे सॅम्युएल एकटक पाहत राहतो. ते छायाचित्र मॅकफी या पोलिसाचे असते आणि खुनी तोच असतो. बुक काही न बोलता मुलाचे उगारलेले बोट आपल्या मुठीत झाकून घेतो. पुढे आपले वरिष्ठ शेफर हेही अमली पदार्थांच्या या कटात सामील आहेत हे त्याच्या ध्यानात येते. मॅकफीच्या गोळीने जखमी झालेला बुक मायलेकांना त्यांच्या शेतावर पोहोचवतो आणि तेथेच कोसळतो. रुग्णालयात नेले तर गोळीची नोंद होणार आणि मुलाचा ठावठिकाणा उघड होणार, म्हणून त्याच्यावर घरगुती पोटिसाचे उपचार केले जातात. बरा झाल्यावर तो रेचेलच्या दिवंगत पतीचे कपडे घालून तेथेच लपून राहतो.

चित्रपटाचा मध्यभाग हा त्याचा सर्वांत समृद्ध भाग आहे. सॅम्युएलच्या हाती बुकचे पिस्तूल लागते, तेव्हा आजोबा ईलाय नातवाला शेजारी बसवून मनुष्यवधाविषयी त्याच्याशी शांतपणे बोलतात. मुलगा म्हणतो की आपण फक्त वाईट माणसालाच मारू. वाईट कोण हे तू नुसते पाहून ओळखणार का, असे आजोबा विचारतात. खून डोळ्यांनी पाहिलेला तो मुलगा आपण ते पाहिले आहे असे सांगतो. येथे आजोबांचे पारडे सहज जड होत नाही आणि पटकथेचा प्रामाणिकपणा यातच आहे. एका नवविवाहित जोडप्यासाठी सारा गाव मिळून एका दिवसात लाकडी कोठार उभारतो, तो प्रसंग जवळजवळ संवादाविना रंगला आहे. अभिनेता म्हणून प्रसिद्धी मिळण्यापूर्वी फोर्ड सुतारकाम करीत असत, त्यामुळे त्यांच्या हातातील हत्यारे उसनी वाटत नाहीत. रेचेल व बुक यांचे एकमेकांकडे ओढले जाणेही बहुतांशी नजरेतूनच व्यक्त होते.

गावातील टवाळखोर आमिश तरुणांची छेड काढतात, तेव्हा आपला सहकारी मारला गेल्याच्या बातमीने आधीच संतप्त झालेला बुक त्यांना ठोसे लगावतो. आमिश मनुष्याने हात उचलला ही वार्ता पसरते आणि शेफर, मॅकफी व त्यांचा एक साथीदार शेतावर येऊन धडकतात.

शेवट

साथीदार धान्याच्या उंच कोठीत मक्याखाली गुदमरून मरतो. त्याची बंदूक दाण्यांतून उकरून काढून बुक मॅकफीला ठार करतो. अर्थात, नायक अप्रतिकाराचे व्रत घेत नाही. मात्र अखेरचा निर्णय बंदुकीने होत नाही. ईलायच्या खुणेवरून सॅम्युएल अंगणातील घंटा वाजवतो आणि शेजारीपाजारी रिकाम्या हातांनी गोळा होतात. कोणी काही करत नाही, सगळे केवळ पाहत उभे राहतात. इतक्या जणांना मारणार का, या बुकच्या प्रश्नापुढे शेफरचे बळ सरते. मराठीत न्यायालयात उभा राहतो तो साक्षीदार आणि नुसता पाहतो तो साक्षी. चित्रपटाच्या नावात हे दोन्ही अर्थ आहेत. आरंभी एका मुलावर पडलेला पाहण्याचा भार शेवटी सारा समाज उचलतो.

बुक शहराकडे परततो. वाटेत त्याला रेचेलशी विवाह करू इच्छिणारा डॅनियल तिच्या घराकडे येताना दिसतो.

निर्मिती आणि आक्षेप

पटकथा अर्ल वॉलेस व विल्यम केली यांची असून कथालेखनात पामेला वॉलेस यांचाही सहभाग होता. छायाचित्रणकार जॉन सील आणि वियर यांनी घरातील दृश्यांच्या प्रकाशयोजनेसाठी व्हर्मीर व इतर डच चित्रकारांचा आदर्श समोर ठेवला. मॉरिस जार यांनी सिंथेसायझरवर रचलेले संगीत विजेविना जगणाऱ्या समाजाच्या कथेला आश्चर्यकारकरीत्या शोभते. डॅनियलची भूमिका सोव्हिएत संघातून अमेरिकेत आश्रयास आलेले बॅले नर्तक अलेक्झांडर गोदुनोव यांनी केली. व्हिगो मॉर्टेन्सन यांचा हा पहिलाच चित्रपट.

चित्रीकरण लँकेस्टर परगण्यातच झाले, पण आमिश लोकांनी कॅमेऱ्यासमोर येण्यास नकार दिला. आमिश कुटुंबात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ जॉन होस्टेटलर यांनी या निर्मितीस जाहीर विरोध केला. ज्यांना स्वतःची प्रतिमा नको आहे, त्यांचीच प्रतिमा जगभर विकली जाणार आणि आधीच त्रासदायक झालेली पर्यटकांची गर्दी वाढणार, असा आक्षेप घेण्यात आला. पुढे आमिश समाजाला चित्रपटाचा विषय म्हणून प्रोत्साहन न देण्याचे राज्य प्रशासनाने मान्य केले. चित्रपटातही पर्यटक आमिश लोकांकडे गंमत म्हणून पाहतात, कॅमेरे रोखतात आणि बुक त्यांच्यातील एका बाईला धमकावतो. प्रेक्षकही त्याच पर्यटकांच्या जागी बसलेला आहे, हे मात्र चित्रपट स्पष्ट बोलत नाही.

पुरस्कार

अमेरिकेत या चित्रपटाने सुमारे ६ कोटी ८७ लाख डॉलरचा व्यवसाय केला. १९८५ च्या कान महोत्सवाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला. त्याला ऑस्करची ८ नामांकने मिळाली, त्यांपैकी मूळ पटकथा आणि संकलन (थॉम नोबल) हे दोन पुरस्कार त्याने पटकावले. जार यांच्या संगीतास बाफ्टा पुरस्कार मिळाला. हॅरिसन फोर्ड यांना अभिनयासाठी मिळालेले हे एकमेव ऑस्कर नामांकन आहे.