अहवालांतील साधित परिमाणांची यादी

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जाणारा प्रवासी फर्दापूरच्या फाट्यावर आपलें वाहन ठेवतो, आणि तेथून पुढचा सुमारें ४ किलोमीटरचा रस्ता बसनें जातो. रोज किती प्रेक्षक येतात हें ठाऊक असल्यावांचून बसगाड्या, पिण्याचें पाणी व पहारेकरी यांची तजवीज नीट होत नाहीं. असले हिशेब हल्लीं संगणकावर ‘पॉवर बीआय’ सारख्या साधनानें करतात. मायक्रोसॉफ्टचें हें साधन २०१५ सालीं सर्वांस खुलें झालें.

समजा, एका आठवड्यांत ४२०० तिकिटें खपलीं. त्यांस ७ नें भागिलें तर रोजची सरासरी ६०० येते. परंतु लेणीं सोमवारीं बंद असतात. म्हणून ६ नें भागणें युक्त, आणि मग सरासरी ७०० येते. तिकिटांची नोंद दोन्ही वेळां एकच. भेद केवळ सूत्राचा. पण अहवाल वाचणारास उत्तर तेवढें दिसतें, सूत्र दिसत नाहीं. ६०० वर विसंबून गाड्या नेमल्या, तर रोज १०० माणसें फाट्यावर उन्हांत तिष्ठत राहतील.

अशा सूत्रास या साधनांत ‘मेजर’ म्हणतात. आपण त्यास साधित परिमाण म्हणूं. कीर्दींत लिहिलेली रक्कम ही नोंद होय. साधित परिमाण ही नोंद नव्हे, तर नोंदींवरून उत्तर काढण्याची रीत होय. त्याचें उत्तर फाइलींत सांठविलेलें नसतें. वाचक जो महिना किंवा जें गांव निवडील त्याप्रमाणें तें त्या क्षणीं काढिलें जातें. सूत्रें ज्या भाषेंत लिहितात तिचें नांव ‘डॅक्स’.

एकच फाइल अनेकांच्या हातून गेली म्हणजे ‘सरासरी’, ‘दैनिक सरासरी’, ‘नवी सरासरी’ अशीं परिमाणें निरनिराळ्या कोष्टकांखालीं विखुरतात, व कांहीं लपविलेलींही असतात. एकेक उघडून पाहूं गेल्यास एखादें नजरेंतून सुटतेंच. म्हणून सर्वांची यादी एकदम काढावी.

त्याची रीत सोपी आहे. २०२३ च्या अखेरीस या साधनांत ‘डॅक्स क्वेरी व्ह्यू’ नांवाची प्रश्न विचारण्याची जागा आली. तेथें रोमन अक्षरांत ‘एव्हॅल्युएट’ हा शब्द, त्यापुढें ‘इन्फो.व्ह्यू.मेजर्स’ व शेवटीं रिकामा कंस लिहून आज्ञा चालविली, म्हणजे प्रत्येक परिमाणाचें नांव, त्याचें कोष्टक, सूत्र व वर्णन एका तक्त्यांत मिळतें. लपविलेलीं परिमाणेंही त्यांत येतात. ‘डॅक्स स्टुडिओ’ हें विनामूल्य साधन वापरूनही अशी यादी काढतां येते.

येथें एक सावधगिरी राखावी. अहवाल जेव्हां दुसरीकडे ठेवलेल्या माहितीच्या साच्याशीं थेट जोडलेला असतो, तेव्हां केवळ त्या अहवालांत रचिलेलीं परिमाणें साच्याच्या यादींत उतरत नाहींत. तीं वेगळीं पाहावीं लागतात.

यादी हातीं आल्यावर तीन गोष्टी कराव्या. सारख्या अर्थाचीं परिमाणें शेजारीं मांडून त्यांचे भाजक ताडून पाहावे. प्रत्येकाच्या वर्णनांत तें काय मोजतें व कोणते दिवस वगळतें, हें साध्या मराठींत लिहावें. निरुपयोगी परिमाण काढून टाकण्यापूर्वीं दुसरें कोणतें त्यावर अवलंबून आहे काय, हें तपासावें. कारण एका सूत्राच्या पोटांत दुसरें सूत्र पुष्कळदां असतें.

गणिताच्या वहींत नुसतें उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षक रीत दाखविण्यास सांगतात. अहवालासही तोच नियम लावावा. ज्या आंकड्यावर लोकांच्या सोयीगैरसोयी अवलंबून आहेत, त्याची रीत मागण्याचा अधिकार प्रत्येक वाचकास आहे. आणि ही यादी म्हणजे ती रीत उघड करून दाखविण्याची पहिली पायरी होय.