समुद्राकडची खिडकी : ज्येष्ठांसाठी एका दिवसाची सहल

“तुम्ही सगळे जाऊन या, मी घर राखते.” घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या तोंडून हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. आपण ते निरिच्छा म्हणून स्वीकारतो आणि निघून जातो. पण या नकारामागे पुष्कळदा वेगळेच काही दडलेले असते.

माझी आई 78 वर्षांची आहे. गुडघ्यांची झीज आणि रक्तदाब हे तिचे जुने सोबती. रक्तदाबासाठी ती रोज सकाळी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेते. तीन वर्षांपूर्वी एका सामूहिक बससहलीत तिने ती गोळी कोणालाही न सांगता टाळली आणि दिवसभर जेमतेम पेलाभर पाणी प्यायली. सायंकाळी बसमधून उतरताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पायरीवरच कोसळली. सुदैवाने हाड मोडले नाही. मात्र त्यानंतर तिने उंबरठ्याबाहेरचे प्रत्येक आमंत्रण नाकारले. खरे कारण तिने पुष्कळ दिवसांनी सांगितले : “चाळीस माणसांची गाडी माझ्या एकटीसाठी थांबवा, असं कसं सांगायचं?”

तिला समुद्र नको होता असे नाही. नको होती ती लाज. हे उमगल्यावर गेल्या जानेवारीत आम्ही केवळ तिच्यासाठी एक गाडी आणि एक स्थानिक माहितगार चालक ठरवला आणि रत्नागिरी ते गणपतीपुळे हा सागरी रस्ता तिच्या गतीने पाहिला. आपणही आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी असा बेत करणार असाल, तर त्या दिवसाने शिकवलेल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवते.

आधी विचारा, मग आखा

“येणार का?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा “नको” असेच येते. त्याऐवजी “प्रवासात कशाची धास्ती वाटते?” असे विचारून पाहा. शौचालय, पायऱ्या, तोल जाणे, इतरांना होणारा खोळंबा. उत्तर यांपैकीच काही असण्याची शक्यता मोठी. मग स्थळांची यादी बाजूला ठेवून प्रथम त्या भीतीची व्यवस्था लावा.

गाडी ठरवताना आम्ही चालकाला तीनच गोष्टी विचारल्या. उंच आसनाचे स्वच्छ शौचालय वाटेत कोठे कोठे आहे? गाडीची पायरी किती उंच आहे? आम्ही सांगू तेथे आणि सांगू तितका वेळ थांबाल का? तो त्याच किनाऱ्यावरचा असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जिभेवर होते. खासगी सहलीचे जादा पैसे आपण मोजतो ते या माहितीसाठी आणि या मोकळिकीसाठी. खर्च जड वाटत असेल, तर दोन कुटुंबांनी मिळून गाडी ठरवावी. दोघांची चाल सारखी असली म्हणजे झाले.

रस्ता थोडा, थांबे अधिक

मुंबई-पुण्याहून पहाटे निघून रात्री परतण्याचा अट्टहास ज्येष्ठांच्या बाबतीत करू नये. आदल्या दिवशी रत्नागिरीला पोहोचा, रात्री पुरेशी झोप होऊ द्या. सकाळी पोट साफ होऊन, न्याहारी आणि औषधे झाल्यावरच निघा. आम्ही नऊ वाजता निघालो.

शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे अशी गावे घेत हा रस्ता गणपतीपुळ्याला पोहोचतो. अंतर सुमारे 25 कि.मी. आहे. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो. म्हणजे चालकाशेजारच्या आसनावर बसलेल्याला तो थेट खिडकीतून दिसतो. सकाळी ऊन पाठीमागच्या डोंगराकडून येते, त्यामुळे डोळे दिपत नाहीत. वळणांवर मळमळणाऱ्यांनाही पुढचे आसन आणि दूरच्या क्षितिजावरची नजर सोसते. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी मात्र उतारवयात गुंगी किंवा गोंधळलेपण येऊ शकते, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते. अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आरे आणि वारे यांच्यामधील चढावर दोन्ही बाजूंचे किनारे एकाच दृष्टिक्षेपात येतात. तेथे उतरण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. चालकाने सुरक्षित जागी गाडी अशी उभी केली की आईच्या खिडकीत फक्त समुद्रच राहिला. “आजी, सावकाश बघा. आज घाई कोणालाच नाही,” तो म्हणाला. ती वीस मिनिटे काही बोलली नाही. नंतर स्वतःहून पाण्याची बाटली मागितली. आमच्या दृष्टीने सहल तेथेच सफल झाली होती.

देवदर्शन आणि पाऊलवाट

गणपतीपुळ्याला डोंगरच देवस्वरूप मानला जातो. म्हणून प्रदक्षिणा त्या डोंगराला घालतात. ही वाट सुमारे एक कि.मी. आहे. गुडघे दुखत असतील तर ती न केल्याची रुखरुख नको. गाभाऱ्यासमोरचा नमस्कार पुरेसा आहे. मंगळवार, संकष्टी आणि सुट्टीचे दिवस टाळले तर रांगेत उभे राहावे लागत नाही. वाळूत काठी रुतते, म्हणून चालणे पक्क्या वाटेपुरतेच ठेवावे. हा समुद्र फसवा आहे. कोणीही पाण्यात उतरू नये.

तेथून जवळच मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव आहे. 1866 साली जन्मलेल्या या कवीचे कौलारू घर आता स्मारक म्हणून जपले आहे. तेथल्या ओसरीजवळ आईला शाळेत पाठ केलेली ‘तुतारी’ आठवली. दोन ओळी म्हणून ती अडली, थोडे थांबून पुढचीही म्हणाली. माझी मुलगी आजीकडे पाहतच राहिली. जुन्या आठवणी जागवणारे असे एखादे स्थळ बेतात अवश्य ठेवा. घरी बहुतेक वेळ “औषध घेतलंस का?” हेच ऐकणारी व्यक्ती तेथे पुन्हा सांगणारी होते.

पुढे सुमारे 20 कि.मी.वर जयगडचा किल्ला आहे. तो मोह आम्ही टाळला. दुपारी मऊ भात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी असे साधे जेवण करून, तासभर आडवे होऊन, उन्हे कलल्यावर परतलो. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तिन्हीसांजेला अधिक बावरल्यासारखे होते; त्यांनी तर अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावेच.

प्रकृतीची काळजी

- लघवी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी, हे आधीच डॉक्टरांना विचारा. पाणी थोडे थोडे, पण नियमित प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण पाळावे.
- मूत्रपिंडाचा विकार असल्यास शहाळ्याचे पाणी विचारूनच द्या; त्यात पोटॅशियम भरपूर असते.
- मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर जवळ असावी. इन्सुलिन उभ्या गाडीतील उकाड्यात ठेवू नये.
- दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करावेत. उतरताना प्रथम दोन्ही पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसावे, मग उठावे. रक्तदाब एकदम उतरून येणारी भोवळ त्यामुळे टळते.
- औषधांची यादी व आजारांची नोंद एका कागदावर असावी. छातीत दुखणे, श्वास लागणे, वाचा अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

सांभाळणाऱ्यांसाठी

त्या दिवशी मी गाडी चालवत नव्हते, रस्ता शोधत नव्हते, कोणाला घाई करत नव्हते. आईच्या मागच्या आसनावर बसून मीही समुद्र पाहिला. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्याला अशी सुट्टी क्वचितच मिळते. ती घेताना अपराधी वाटून घेऊ नका; आपण ताजेतवाने राहणे हीसुद्धा शुश्रूषाच आहे.

परतल्यावर आठवड्याभराने आईने विचारले, “त्या किल्ल्याचं राहिलं ना गं? ती वाट कितपत चढाची आहे?” पुढच्या बेतासाठी आम्हाला एवढा प्रश्न पुरेसा आहे. आपल्या घरातूनही तो यावा, यासाठी या हिवाळ्यात एक दिवस राखून ठेवा. आणि समुद्राकडची खिडकी कोणाची, हे निघण्यापूर्वीच ठरवा.