गेमिंग चॅनेलला प्रेक्षक कसे मिळतात?

लाइट्स आउटनंतर आपल्या वसतिगृहात जी कुजबुज चालते, तिच्यातली निदान निम्मी यूट्यूब चॅनेलबद्दल असते. (हाउस मास्टर सरांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे ही विनंती.) सुट्टीत कोणीतरी चॅनेल उघडतो, चार-पाच दिवस गेम खेळून दाखवतो, बघायला कोणी फिरकत नाही म्हणून बंद करतो आणि परत आल्यावर सांगतो, "माझा गेम तेवढा भारी नाही रे." माझ्या मते कारण वेगळे असते.

माझे घर तंजावरला आहे. तिथे माझा आतेभाऊ कॉलेजात शिकतो आणि गेमिंगचे चॅनेल चालवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याचा मॉडरेटर होतो. दादा खेळत असताना चॅटमधले प्रश्न त्याला वाचून दाखवायचे आणि शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढायचे, हे माझे काम. मी स्वतः एकटा लाइव्ह जाऊ शकत नाही, कारण २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबने लाइव्हसाठी किमान वय १३ वरून १६ केले आहे. त्याहून लहान मुलासोबत मोठे माणूस पडद्यावर दिसावे लागते.

नव्या चॅनेलची पहिली अडचण समजून घ्या. लाइव्ह चालू असलेल्या चॅनेलांच्या यादीत ज्यांच्याकडे आधीच गर्दी आहे ते वर दिसतात. तीन प्रेक्षकांचे चॅनेल तळाला असते आणि तिथपर्यंत कोणी बोट नेत नाही. दादाच्या सुरुवातीच्या दिवसांत पडद्यावर '३' हा आकडा असायचा. त्यातला एक मी, एक त्याचा मित्र, आणि तिसरा म्हणजे आवाज नीट जातो का हे पाहायला त्याने शेजारी ठेवलेला त्याचाच दुसरा फोन! त्यामुळे नुसते लाइव्ह जाऊन वाट बघण्यात अर्थ नसतो. लोक आधी दुसरीकडे गाठावे लागतात. दादा प्रत्येक लाइव्हमधला मिनिटभराचा गमतीचा तुकडा कापून शॉर्ट म्हणून टाकतो. शॉर्टमुळे अनोळखी माणूस दारापर्यंत येतो, पण तो आत बसेल की नाही हे लाइव्हवर ठरते. व्हिडिओचे चित्र दिसल्यावर किती जणांनी ते उघडले आणि उघडल्यावर किती वेळ थांबले, या दोन्ही गोष्टी यूट्यूब पाहते. थंबनेलवर भलतेच काही दाखवून लोकांना बोलावले तर पहिला आकडा वाढतो, पण दुसरा कोसळतो, आणि मग तो व्हिडिओ लोकांपुढे ठेवणेच कमी होते.

पण माणूस थांबतो कशासाठी? गेमसाठी की खेळणाऱ्यासाठी? आपल्या देशात याची जणू परीक्षाच झाली. मुंबईचा नमन माथुर, म्हणजे 'मॉर्टल', पबजी मोबाईलमुळे प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये त्याच्या 'सोल' संघाने पबजी मोबाईल इंडिया सिरीज जिंकली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात पबजी गेला. नंतर जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून निघाला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्यांच्याकडे त्या गेमशिवाय दाखवायला काही नव्हते त्यांचे हाल झाले. मॉर्टलसारखे लोक दुसरे गेम खेळू लागले, आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकही तिकडे गेले.

याहून मजेदार उदाहरण बुद्धिबळाचे आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये समय रैना या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ खेळून दाखवायला सुरुवात केली. तो काही मोठा खेळाडू नव्हता. पण नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्यासोबत येऊ लागला आणि जोडी जमली. समय चुकायचा, विदित समजावायचा, आणि ज्यांना घोडा कसा चालतो एवढेच माहीत होते असे हजारो लोक बघत बसायचे. नुसता विदित खेळला असता तर आपल्यासारख्यांना काय चालले आहे ते कळले नसते. समय आपल्या वतीने विचारत होता. म्हणून मी म्हणतो की आपला गेम कच्चा असेल तरी चॅनेल चालू शकते, फक्त बघणाऱ्याला बोलण्यातून सोबत घेता आले पाहिजे.

आज्जीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? कीर्तनकार हेच करायचे." मी हसलो, पण नंतर विचार केला तर पटले. भोसल्यांच्या राज्यापासून तंजावरला मराठी कीर्तनाची परंपरा होती. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ती पद्धत घेऊन तमिळमध्ये कथा सांगितली आणि ती तमिळनाडूभर पसरली. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी हे मराठी कीर्तनातले प्रकार अजून आहेत. म्हणजे मांडणी मराठी ठेवली आणि भाषा समोर बसलेल्या लोकांची घेतली. दादाही पहिले दोन महिने इंग्रजीत बोलत होता, कारण त्याला जगभरचे प्रेक्षक हवे होते. मिळाले कोणीच नाही. मग तो आमच्या भागातल्या बोलीच्या तमिळमध्ये बोलू लागला, तेव्हा कुंभकोणम आणि तिरुचीची मुले येऊ लागली आणि एकमेकांना आणू लागली. कीर्तनकार उशिरा आलेल्याला मागची कथा दोन वाक्यांत सांगतो आणि मधूनमधून सर्वांकडून नामघोष करून घेतो. दादा आता दर पंधरा मिनिटांनी "आत्तापर्यंत काय झाले" ते सांगतो आणि चॅटमधल्या मुलांची नावे घेऊन त्यांनाच पुढची चाल विचारतो. नाव घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी नक्की येतो, हे मी रोज पाहिले.

वेळेचे आपल्याला वेगळे सांगायला नको. मंगळवार, शुक्रवार, रविवार, रात्री ८ वाजता. सुट्टीभर ही वेळ त्याने एकदाही मोडली नाही, आणि सुट्टी संपता संपता आकडा ३ वरून ४० च्या आसपास गेला. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, पण ४० मुले म्हणजे आपला एक अख्खा वर्ग आणि वर थोडी.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. चित्र थोडे पुसट चालते, आवाज खरखरीत चालत नाही. आधी पैसे माइकवर घाला. इंटरनेटचा डाउनलोडचा वेग बघून खूश होऊ नका, लाइव्हला अपलोडचा वेग लागतो. ७२० पी चित्रासाठी तो ३ ते ४ एमबीपीएस तरी सतत मिळायला हवा. इंटरनेट भल्याभल्यांना दगा देते. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचे कनेक्शन तुटले आणि शेवटी भारत व रशिया यांना मिळून सुवर्णपदक देण्यात आले. त्या संघाचा कर्णधार विदितच होता.

आता जे पालकांनी आणि सरांनी वाचावे असे मला वाटते. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे आणि जानेवारी २०२० पासून तिथे सुखोई-३० ची स्क्वाड्रन आहे. एका रात्री लाइव्ह चालू असताना विमान गेले. चॅटमध्ये एकदम प्रश्न सुरू झाले. कसला आवाज? कुठे राहतोस? गच्चीवरून दाखव ना! दहा मिनिटांत आकडा ६० च्या वर गेला, इतका तो पूर्वी कधीच गेला नव्हता. दादाने माझ्याकडे पाहिले. मी ते प्रश्न पुसले आणि मान हलवून 'नको' म्हटले. तो जागचा उठला नाही. थोड्या वेळाने आकडा पुन्हा ४० वर आला. त्या रात्री तो माझ्याशी फारसे बोलला नाही.

मी अतिरेक करतो असे त्याला वाटले असेल. पण अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधल्या जॅक टेशेराने गेम खेळणाऱ्या मित्रांच्या डिस्कॉर्ड गटात गुप्त कागदपत्रे टाकली होती. तो गट लहानसा होता. एप्रिल २०२३ मध्ये २१ व्या वर्षी त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी १५ वर्षांची शिक्षा. आपल्या लष्करानेही जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप्स काढायला सांगितली होती, त्यात पबजीही होता. एक मोर्चा, एक गणवेशातला नातेवाईक, खिडकीबाहेरचे एक दृश्य, हे सगळे प्रेक्षक वाढवते. म्हणून लाइव्हच्या आधीच ठरवावे लागते की मागे भिंत दिसेल की खिडकी.

पैशांचाही प्रश्न येतो. दादाला एका सट्ट्याच्या ॲपची जाहिरात करशील का, असा मेसेज आला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्याने तो मेसेज आत्याला दाखवला आणि पुसून टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत रविवारचा एक तास मराठीत करायचे आमचे ठरते आहे. घरची तंजावरी मराठी बोलायची की इथे शिकलेली, यावर अजून एकमत नाही. माझ्या वयामुळे शेजारी बसणारे मोठे माणूस हवे होते, त्याला आज्जी तयार आहे. तिची अट एकच, बंदुकीचा गेम नको. म्हणून बुद्धिबळ खेळणार आहोत.